सहीला साक्षीदार कोण?

खोटं पकडण्याच्या बाबतीत आपल्या लोकांची एक गंमत आहे. बँकेच्या खिडकीपलीकडचा मनुष्य आपली खरी सही चष्म्याच्या वरून, खालून आणि मधून पाहतो आणि "जुळत नाही" म्हणून स्लिप परत ढकलतो. पैसे आपले, हात आपला, नाव वडिलांनी ठेवलेलं. पण आपण आपणच आहोत हे त्याला काही पटत नाही. तोच मनुष्य संध्याकाळी घरी जाऊन कुठल्याशा नटाचा सहीवाला फोटो काचेत घालून भिंतीवर टांगतो. तिथे मात्र जुळवाजुळव नाही! माझं म्हणणं एवढंच, की ह्या दोन्ही ठिकाणच्या शंकांची अदलाबदल झाली पाहिजे.

आमच्या शेजाऱ्यांकडे १९८३ च्या विश्वविजेत्या संघाच्या सह्यांची बॅट आहे. सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, आणि रेशनच्या रांगेत उभ्या असाव्यात तशा एकीखाली एक. कोणाचा कोणाला धक्का नाही. चौदा क्रिकेटपटू इतक्या शिस्तीत उभे राहिलेले मी राष्ट्रगीताच्या वेळीसुद्धा पाहिलेले नाहीत. मी शंका काढताच त्यांनी आतून सर्टिफिकेट आणलं. सोनेरी शिक्का, चकचकीत होलोग्राम आणि खाली एक झोकदार सही.

"ही कोणाची?"

"तज्ज्ञांची."

"आणि ती खरी कशावरून?"

त्या दिवशी ते मला चहा विचारायचे विसरले.

माझं भांडण शेजाऱ्यांशी नाही, त्या कागदाशी आहे. एका सहीच्या खरेपणाला दुसऱ्या सहीची साक्ष काढायची, म्हणजे चोरानं आपल्या मेहुण्याला जामीन ठेवण्यातलाच प्रकार. अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून बनावट सह्यांचे कारखाने उघडकीला आणले. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले! कोलकात्याच्या त्या माउलीनं बेसबॉलवर सही कधी केली असेल, असा प्रश्न गिऱ्हाइकाला पडायला हवा होता. पण पडणार कसा? त्या धंद्यात मालाबरोबर खरेपणाचं प्रमाणपत्रही मिळत होतं ना!

वास्तविक बऱ्याचशा खोट्या सह्या पकडायला चार आण्याची अक्कल आणि एक भिंग पुरतं. छापील सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची निघते. गिरवलेली सही हळू चालते, मध्येच थांबते, कापते. कारण ती लिहिलेली नसते, काढलेली असते. खरी सही करणारा माणूस घाईत असतो, त्याचं पेन कागदावर टेकण्याआधीच धावायला लागतं आणि शेवटचं अक्षर तर तो बहुधा गिळतोच. शाईलाही वय असतं. बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या सुमाराला आणि लोकमान्य गेले १९२० साली. रणजी १९३३ साली निवर्तले, आणि आजचं मार्करपेन त्यानंतर तीसेक वर्षांनी आलं. तेव्हा बॉलपेनातले टिळक किंवा मार्करमधले रणजी कोणी विकायला आणले, तर भिंगसुद्धा काढू नका. नमस्कार करा आणि दार लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या, तर त्यातली निदान एक खोटी समजावी. कोणाचाही जिवंत हात दोनदा हुबेहूब तेच काढत नाही. बँकेतल्या सद्गृहस्थांनी हे वाक्य चौकटीत घालून खिडकीवर लावावं, ही माझी नम्र विनंती.

पण भिंगाचंही काही चालत नाही अशी एक जात आहे. तिच्यात शाई खरी, कागद खरा, आणि खोटेपणाला खुद्द मालकाची परवानगी! बीटल्सच्या कित्येक सह्या त्यांचे मदतनीस नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स ठोकून देत. केनेडींच्या वतीनं सह्या करणाऱ्या यंत्रावर १९६५ साली चार्ल्स हॅमिल्टन यांनी सबंध पुस्तकच लिहिलं. २०२२ साली बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या 'हातानं सही केलेल्या' नऊशे प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. सोबत सही खरी असल्याची ग्वाही देणारं प्रकाशकांचं पत्र होतं. वाचकांनी प्रती ताडून पाहिल्या तर सह्या यंत्राच्या! प्रकाशकांनी पैसे परत केले, डिलनसाहेबांनी माफी मागितली. म्हणजे खोटं पकडलं कोणी? ग्वाही देणाऱ्यांनी नव्हे, सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्यांनी.

"अहो, एवढ्या मोठ्या माणसाला कुठला वेळ?" असं म्हणणारे समजूतदार लोक असतात. त्यांच्या समजूतदारपणाचा मला मनापासून राग येतो. सही म्हणजे नाव नव्हे. नाव वर्तमानपत्रातही छापून येतं. सही म्हणजे त्या माणसानं फक्त आपल्यासाठी खर्च केलेले दोन सेकंद. तेवढेच जर त्यानं दिले नसतील, तर उरली ती नुसती शाई. २००४ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना कबूल करावं लागलं, की युद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी गेलेल्या हजारावर सांत्वनपत्रांवर प्रत्येक वेळी आपण हातानं सही केलेली नाही. यापुढे करू, असं त्यांनी सांगितलं. मुलगा गेलेली आई ते पत्र भिंगाखाली धरत नाही. ती त्यावरून बोट फिरवते. त्या बोटाखाली यंत्र असावं, ह्यात मला तरी विनोद सापडत नाही.

वेळ नसतो म्हणे! गांधीजींच्या मागे काय थोडे व्याप होते? तरी ते सही करीत, आणि वर हरिजन फंडासाठी रोख पाच रुपये घेत. व्यवहार चोख, पैसे कशाचे ते तोंडावर सांगितलेले. ब्रॅडमन म्हातारपणीसुद्धा रोज टपालाचा ढीग घेऊन स्वतः उत्तरं लिहीत बसत. ज्याला हे जमत नाही त्यानं खुशाल "जमत नाही" म्हणावं, किंवा फोटोखाली "सही छापील आहे" असं स्वच्छ छापावं. त्यात कसला आलाय कमीपणा?

तेव्हा घरच्या पोरानं एखाद्या मोठ्या माणसाकडून वेडीवाकडी, अर्धवट, वहीच्या कडेबाहेर गेलेली सही आणली, तर "हे काय, वाचतासुद्धा येत नाही" असं म्हणून त्याला हिरमुसवू नका. ती गिचमिडच त्या सहीची साक्षीदार आहे. आणि तो कोऱ्या वहीनिशी परत आला तरी वही जपून ठेवायला सांगा. न केलेली सही खोटी आहे असं जगातला कुठलाही तज्ज्ञ सिद्ध करू शकणार नाही. बँकेतलासुद्धा!