संमोहनाने गुंगीचं औषध कमी होतं का? हेडफोनमागचं विज्ञान

कारंजा (घाडगे) इथल्या पेशंटला एन्डोस्कोपीसारखी तपासणी सांगितली, की बहुतेकदा नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगी (मेघे) गाठावं लागतं. गुंगीचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच. म्हणजे तपासणी एकाची, पण रोजी बुडते दोघांची. म्हणूनच ‘संमोहनाने गुंगी कमी लागते’ हा दावा आपल्याही कामाचा आहे. पण तो कितपत खरा?

संमोहन म्हणजे झोप नाही

स्टेजवरचे खेळ विसरा. इथे पेशंट जागा असतो. प्रशिक्षित माणूस शांत आवाजात त्याचं लक्ष श्वासाकडे किंवा आवडत्या जागेकडे वळवतो. भीती कमी झाली की दुखणंही कमी जाणवतं आणि औषध कमी पुरतं. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावू शकतो, त्यामुळे कमी डोस हा फायदाच.

पुरावा काय?

भारतात हा प्रयोग जुना आहे. 1845 मध्ये बंगालच्या हुगळीत जेम्स एस्डेल हा स्कॉटिश डॉक्टर अशाच पद्धतीने ऑपरेशन करू लागला. 1847 मध्ये क्लोरोफॉर्म आलं आणि ही पद्धत मागे पडली.

2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या डॉ. एल्व्हिरा लँग यांच्या टीमचा अभ्यास आला. रक्तवाहिन्या आणि किडनीवरच्या प्रक्रियांसाठी आलेले 241 पेशंट, तिघांनाही सारखीच सोय: दुखलं तर औषध स्वतः मागा. गट तीन होते. संमोहनाच्या गटाला नेहमीच्या गटापेक्षा जवळपास निम्मं औषध लागलं, प्रक्रियेचा सरासरी वेळ 78 वरून 61 मिनिटांवर आला. गंमत म्हणजे, ज्यांच्याजवळ फक्त आपुलकीने लक्ष देणारा माणूस होता, त्यांनाही औषध निम्मंच लागलं! पण रक्तदाब आणि नाडी बिघडण्याचे प्रकार संमोहनाच्या गटातच सर्वात कमी झाले.

मग मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालेल?

थोडंफार. जर्मनीतल्या 5 हॉस्पिटलांत 385 पेशंटपैकी साधारण निम्म्यांना पूर्ण भूल दिलेली असताना हेडफोनवर धीर देणारे शब्द आणि संगीत ऐकवलं. 2020 च्या ‘बीएमजे’नुसार ऑपरेशननंतरच्या 24 तासांत ओपिऑइड वेदनाशामक 5.3 ऐवजी 4 मिलिग्रॅम लागलं (हे मध्यक आकडे आहेत). फरक मोठा नाही, पण खर्च जवळपास शून्य. युरोपात व्हीआर हेडसेटवरही असे कार्यक्रम मिळतात.

पण लक्षात घ्या: डोस कमी झाला, डॉक्टर नाही. त्या पेशंटजवळ भूलतज्ज्ञ होतेच. यूट्यूबवरचा ‘हिप्नोसिस’ व्हिडिओ ऐकून गुंगी नाकारणं हा वेडेपणा ठरेल.

आणि खरी अडचण हेडफोनची नाहीच, भाषेची आहे. घाबरलेल्या आजीला इंग्रजी रेकॉर्डिंगचा काय उपयोग? तिला धीर मराठीतच, जमलं तर वऱ्हाडीतच मिळायला हवा.

तपासणीआधी एवढं विचारा

- गुंगीशिवाय किंवा कमी गुंगीत ही तपासणी होते का?
- मध्येच सहन झालं नाही तर लगेच औषध मिळेल ना?
- हेडफोन लावू देता का? (एमआरआयच्या खोलीत स्वतःचा मोबाइल किंवा हेडफोन अजिबात नाही.)
- संमोहन देणारी व्यक्ती डॉक्टर किंवा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का?

मानसिक आजारावर उपचार सुरू असतील तर तेही आधीच सांगा. आणि काहीच सोय नसेल तर नर्सला एवढंच म्हणा, “ताई, मध्ये मध्ये बोलत राहा.” लँग यांच्या अभ्यासात आपुलकीचा हा उपायही कामी आला होता.