जेवणानंतरचा होमर

आमच्या घरी परवा चिरोट्यांवरून ग्रीस देशाचा विषय निघाला. सासूबाईंना साखरेचा विकार जडल्यापासून डॉक्टरांनी त्यांना गोड वर्ज्य केले आहे. चिरोट्यांचा पहिला घाणा पाकातून निघून त्यांच्या नाकासमोरून गेला, तशी त्या म्हणाल्या, "यंदा पाक जरा पुढेच गेलाय. नाहीतरी मला मेले चिरोटे कधी आवडले?"

त्यावर सातवीतल्या आमच्या कन्यारत्नाने तत्परतेने सुनावले, "आजी, कोल्ह्याला द्राक्षं आंबट!"

सगळे हसले. आजीही हसल्या. तेवढ्यावर भागायचे; पण मास्तरकीची खोड स्वस्थ बसू देईल तर ना! मी म्हटले, "ही म्हण मूळची ग्रीक लोकांची बरं का, आई."

"काहीतरीच तुझं! माझी आजी म्हणायची ही म्हण. तिला कुठलं आलंय ग्रीक?"

एरवी या सदरात आपण शब्दांच्या आणि म्हणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसतो. दिवाळी अंकात संपादकांनी जागेच्या बाबतीत हात सैल सोडला आहे, तेव्हा सासूबाईंच्या या उत्तराचाच जरा पाठपुरावा करू.

कोल्हा-द्राक्षांची ती गोष्ट इसापाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फीड्रस नावाच्या लेखकाने ती लॅटिन पद्यात बांधली. त्यानंतर किती देश आणि किती भाषा फिरत ती आपल्याकडे आली! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरात सरफोजीराजांच्या पदरी इसापाच्या गोष्टी मराठीत उतरल्या. पुढे 1828 साली मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' निघाली. पाहुणा आला, ओसरीवर टेकला, माजघरात गेला आणि बघता बघता असा घरचा झाला, की आजीच्या आजीने त्याला आपल्याच कुळातला मानावे! सासूबाईंनी मला खोडून काढले नव्हते. परका ग्रंथ लोकांत रुजला म्हणजे काय होते, याची व्याख्याच त्यांनी न कळत सांगून टाकली होती.

आणि ही व्याख्या वर्गात मात्र मला कित्येक वर्षे सापडली नव्हती.

मी मराठी शिकवते. साहित्यशास्त्राच्या तासाला अॅरिस्टॉटल येतोच. 1957 साली विंदा करंदीकरांनी त्याचे काव्यशास्त्र मराठीत आणले, त्यामुळे आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. शोकांतिकेची व्याख्या, नायकाच्या हातून घडणारा प्रमाद, करुणा आणि भीती, त्यांचे विरेचन, असे मुद्दे मी फळ्यावर क्रमाने लिहीत असे. 'विरेचन' या शब्दापाशी मागच्या बाकांवर दरवर्षी खसखस पिके. मूळ ग्रीक शब्दही वैद्यकातलाच आहे, असे सांगून मी तीही टिपणात उतरवायला लावी. मुले लिहून घेत, परीक्षेत तेच लिहीत, मी गुण देई. सगळे कसे सुरळीत चालले होते!

एका वर्षी तास संपता संपता एक मुलगा उभा राहिला. खेड्यावरून येणारा, एरवी तोंडही न उघडणारा. म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? त्या ईडिपसचं शेवटी झालं काय?"

मी गप्प झाले. दोन आठवडे मी या मुलांना ईडिपसच्या प्रमादाविषयी सांगत होते. पण ईडिपसची गोष्ट सांगितलीच नव्हती! पाहुण्यांची वंशावळ वाचून दाखवायची आणि पाहुण्याला दारातच उभे ठेवायचे, असा माझा पाहुणचार. उरातली अढी खरे सांगायची तर याहून वाईट होती. गोष्ट सांगणे हे मला खालच्या पायरीचे काम वाटत असे. ते बालवाडीत करावे, आपण एम. ए.ला शिकवतो!

दुसऱ्या दिवशी मी खडू हातात घेतलाच नाही. थीब्ज नगरात साथ पसरली आहे, माणसे पटापट मरताहेत, जुन्या राजाचा खुनी नगरात मोकळा आहे म्हणून हे संकट आले आहे, असे देववाणी सांगते. राजा ईडिपस भर लोकांत शपथ घेतो, की तो खुनी कोणीही असो, मी त्याला शोधून हद्दपार करीन. आणि एकेक साक्षीदार येत जातो, एकेक धागा उलगडत जातो आणि शोध घेणाऱ्याच्या ध्यानात येऊ लागते, की आपण आपल्यालाच शोधतो आहोत. घंटा झाली. कोणी उठले नाही. करुणा आणि भीती म्हणजे काय, ते त्या दिवशी मला फळ्यावर लिहावे लागले नाही. तो मुलगा ग्रंथालयातून पु. ल. देशपांड्यांचे 'राजा ओयदिपौस' घेऊन गेला, आणि त्याच्यामागे त्या पुस्तकासाठी नंबर लागले.

याच सुमारास ई. व्ही. रियू या गृहस्थांची हकीकत माझ्या वाचनात आली. हे ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकलेले. पण प्राध्यापक झाले नाहीत. पेशा पुस्तके छापून विकण्याचा. आपल्याला जवळचे वाटावे असे म्हणजे, 1912 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची हिंदुस्थानातील शाखा उभी करायला हेच मुंबईत आले होते. पुढे ते लंडनला परतले, दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेत मोठ्या पदावर चढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संध्याकाळी जेवणे झाली, की रियूसाहेब होमरचे 'ओडिसी' हातात घेऊन बसत आणि ग्रीकवरून तोंडातोंडी इंग्रजी करून बायकोला ऐकवीत. बाईंना ग्रीक येत नव्हते. त्यांना गोष्ट आवडू लागली. मग साहेब लिहून काढू लागले.

ते हस्तलिखित त्यांनी अॅलन लेन यांच्याकडे नेले. 1935 साली सहा पेन्सांत चांगली पुस्तके विकायला काढून 'पेंग्विन'चे नाव घरोघर पोचवणारे ते हेच. होमरची इंग्रजी भाषांतरे काय थोडी होती? आणखी एक कोण घेणार, अशी शंका पुष्कळांनी काढली. लेन यांनी ती ऐकून घेतली आणि पुस्तक छापले. जानेवारी 1946 मध्ये ते बाजारात आले. युद्ध नुकते संपलेले, अन्नाचे रेशन चालू, लोकांची घरे पडलेली. अशा वेळी दहा वर्षांचे युद्ध आटोपून आणखी दहा वर्षे घरची वाट शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट लोकांनी उचलली. त्या भाषांतराच्या 30 लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या एका पुस्तकातून अभिजात ग्रंथांची अखंड माला निघाली, आणि 1964 पर्यंत रियू तिचे संपादक राहिले. भाषांतरकार निवडताना त्यांचा कटाक्ष एकच असे : नुसती विद्वत्ता पुरे नाही, हाताला वाचनीय भाषा हवी. म्हणून त्यांनी रॉबर्ट ग्रेव्ह्ज आणि डॉरोथी सेयर्स यांच्यासारख्या लेखकांनाही कामाला लावले.

आता, यात काही हरवले नाही असे मी म्हणणार नाही. 'ओडिसी' म्हणजे सुमारे 12 हजार ओळींचे काव्य. रियूंनी ते सरळ गद्यात उतरवले, वृत्त गेले. होमरची पहाट दर वेळी त्याच गुलाबी बोटांनी उगवते, कारण तो ऐकण्याचा ग्रंथ. आपल्या कीर्तनात ध्रुपद परत परत यावे तसे ते विशेषण परत येते. वाचणाऱ्याला कंटाळा येईल म्हणून रियूंनी असली पालुपदे पुष्कळदा बदलली. पुढे त्यांच्याच चिरंजीवांनी 1991 साली भाषांतर सुधारून ते मुळाच्या अधिक जवळ नेले. बापाने दार उघडावे आणि मुलाने उंबरा नीट बसवावा, असा हा प्रकार! पण दार उघडलेच नसते तर उंबरा बसवायचा कशाला?

हा वाद नवा नाही. खुद्द लॅटिन वाङ्मयाचा आरंभच अशा एका भाषांतरापासून मानतात. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात टॅरेंटम या ग्रीक शहराचा लिवियस अँड्रोनिकस रोमला आला. गुलाम म्हणून आला, असे परंपरा सांगते. रोमन लोकांसाठी त्याने 'ओडिसी' लॅटिनमध्ये आणले. ग्रीक छंद सोडून तिथला देशी छंद घेतला. पहिल्याच ओळीत होमर काव्यदेवतेला हाक मारतो. लिवियसने तिच्या जागी इटलीतल्या झऱ्यांची देवता बसवली. दोनशे वर्षांनी कवी होरेस तक्रार करतो, की शाळेत ऑर्बिलियस मास्तरांच्या छड्या खात आपण हेच काव्य घोकले. होरेसला ते ओबडधोबड वाटे. वाटणारच! पण ते ओबडधोबड पाऊल आधी पडले, म्हणून होरेसच्या डौलदार चालीला रस्ता मिळाला.

आणि आपल्याला हे परक्याने सांगायला हवे का? गीता संस्कृतात होतीच. ज्ञानोबांनी ती मराठीत सांगितली, तेव्हाच ती ओसरीवर आली.

असो. व्याख्यान फार झाले. आता घरातली एक गोष्ट सांगते आणि थांबते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही सासूबाईंना बारीक अक्षर वाचवत नाही. पोथी सुटली. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांचा त्यांना तिटकारा. म्हणून रियूसाहेबांचा कित्ता मी गिरवू लागले. जेवणे झाली, ओटा आवरला, की त्यांचेच 'इलियड' मांडीवर घ्यायचे आणि इंग्रजीवरून मराठी करीत सांगत जायचे. साहेबांची ग्रीकची इंग्रजी, माझी इंग्रजीची मराठी. दुधात किती पाणी पडले असेल ते असो. सासूबाई वाती वळीत ऐकत. अकिलीझ रुसून बसला, तर म्हणाल्या, "एवढा मोठा योद्धा आणि पोरासारखा फुगून बसतो?" हेक्टरची बायको त्याला जाऊ नको म्हणते, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

शेवटच्या भागाला मी आले, ती रात्र मला विसरता येत नाही. अकिलीझने हेक्टरला मारले आहे. सूड शमत नाही, म्हणून तो त्याचे प्रेत रथाला बांधून फरफटवतो आहे. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या तळात शिरतो, अकिलीझच्या राहुटीत जातो, त्याचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव आणि माझा मुलगा मला दे. मग दोघेही रडतात. एक मुलासाठी, एक बापासाठी आणि मित्रासाठी. अकिलीझ प्रेताला स्नान घालवतो, चांगले वस्त्र पांघरवतो. मुलगा गेल्यापासून उपाशी असलेल्या म्हाताऱ्याला जेवू घालतो.

वाती वळणारे हात थांबले होते. आमचे धाकटे भावजी 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत गेले. निरोप फोनवर आला. त्या दिवसांतल्या नियमाप्रमाणे पुढचे सगळे परस्परच झाले. सासूबाईंनी मुलाचे तोंड पाहिले नाही. हे मला ठाऊक होते, आणि तरी वाचण्याच्या भरात मी या प्रसंगात जाऊन पोचले होते. पुस्तक मिटावे असे मला वाटले.

त्यांनीच विचारले, "मग? दिला का त्याने?"

"दिला, आई. आणि वर विचारलं, की क्रियाकर्माला किती दिवस हवेत? तेवढे दिवस लढाई थांबवतो."

"किती मागितले?"

"नऊ दिवस घरात शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला त्यावर ढीग रचायचा. बाराव्याला हवं तर लढू, म्हणाला."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्यातही दहावा-अकरावा होता." आणि थोड्या वेळाने, "अस्थी?"

"द्राक्षाच्या मद्याने चिता विझवली, भावांनी अस्थी वेचल्या, सोन्याच्या पेटीत ठेवल्या."

"चांगलं झालं हो. म्हाताऱ्याला मिळाला मुलगा." त्यांनी पदराने डोळे पुसले. भावजी गेल्यापासून आम्हां कोणासमोर त्या रडल्या नव्हत्या. आम्हीही तो विषय काढीत नव्हतो; न काढणे म्हणजेच त्यांना जपणे, असे समजत होतो. त्या रात्री त्या मुलाविषयी बोलल्या. हे आतून उठून आले आणि आईजवळ बसले. घड्याळाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

विरेचन हा शब्द त्यानंतर मी वर्गात पूर्वीसारखा भराभर लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर वातींचे तबक घेऊन सासूबाई आपल्या जागी येऊन बसल्या. "हं, पुढे काय झालं?"

"पुढे काही नाही, आई. हेक्टरचं दहन झालं आणि कवीने ग्रंथ तिथंच संपवला. लढाईचा शेवटही सांगितला नाही."

त्यांनी कापूस हातात घेतला. "बरं केलं," त्या म्हणाल्या, "मग आता दुसरं काढ."

मी उठून कपाटातून 'ओडिसी' काढले.