तेलाच्या डब्याचा ताळेबंद



बँकेत असताना आयुष्यभर इतरांचे ताळेबंद तपासले; घरातील तेलाच्या डब्याचा हिशेब मात्र गेल्या महिन्यात प्रथमच मांडला. डबा 15 किलोचा, माणसे पाच, संपण्यास लागले 40 दिवस. म्हणजे माणशी रोज 75 ग्रॅम. एका ग्रॅम तेलातून 9 किलोकॅलरी मिळतात, एकूण 675. दिवसाचा आहार 2000 किलोकॅलरींचा धरल्यास, जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे सर्व स्निग्ध पदार्थांचा वाटा 600 च्या आत हवा. तूप, दूध, सुकामेवा यांची नोंद तर अद्याप झालीच नव्हती!

अतिरिक्त तेल हृदयास अपायकारक, हे सर्वज्ञात आहे. रोगप्रतिकारशक्तीशी असलेला त्याचा संबंध मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आवरणात स्निग्धाम्ले असतात आणि ती कोणती असावीत, हे बऱ्याच अंशी आपल्या ताटात ठरते. संसर्ग होताच याच आवरणातून शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखी संदेशवाहक द्रव्ये घडवते. या संशोधनास 1982 चे नोबेल पारितोषिक लाभले. ओमेगा-6 गटापासून बनणारी अनेक द्रव्ये दाह चेतवतात. ओमेगा-3 गटातील तो शमवण्यास साहाय्य करतात. रोगजंतूंशी लढताना दाह आवश्यकच. परंतु काम होताच तो शमलाही पाहिजे. शरीरात साठलेली अतिरिक्त चरबी तर हा दाह मंदपणे धुमसत ठेवते.

सूर्यफूल तेलात ओमेगा-6 विपुल, ओमेगा-3 जवळजवळ नाहीच. आपणा शाकाहारींना ते जवस, अक्रोड, मोहरीचे तेल यांतून मिळते. मात्र दोन्ही गटांवर शरीरातील तीच एन्झाइम काम करतात. त्यामुळे ओमेगा-6 ची गर्दी झाली की जवसाचा लाभ घटतो. एक खाते वाढवायचे तर दुसरे आवरावेच लागते.

याचा अर्थ तेल-तूप सर्वस्वी वर्ज्य करावे, असा नव्हे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाविना नीट शोषली जात नाहीत. लाल भोपळ्याच्या भाजीला चमचाभर फोडणी हवीच.

बाह्य तपांमध्ये रसपरित्यागाला स्थान आहे. त्याचा हेतू आत्मशुद्धी हा आहे. आरोग्य हा आनुषंगिक लाभ. परंतु पर्युषणात संयम पाळून पारण्यानंतर पुन्हा तळणाची कढई चढवली, तर दोन्ही लाभ निसटतात.

आमच्या घरी आता सकाळीच दिवसाचे तेल मोजून वेगळे काढले जाते. ताटात जवसाची चटणी असते, अर्थात लसणाविना. सौभाग्यवतींची एकच अट आहे: पाहुण्यांच्या ताटापाशी हिशेब मांडायचा नाही! ती मान्य केली आहे. डबा प्रथम 60 दिवस आणि पुढे 100 दिवस पुरवावा, असा संकल्प आहे.

वाचकहो, आपला डबा किती दिवस पुरतो? पुढचा डबा उघडाल, तेव्हा त्यावर तारीख अवश्य लिहा.