मैदानापर्यंतची वाट कुणाच्या खिशातून जाते?

अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांतला शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉलचा वार. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने मारायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. तिकडचा फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट, डोक्यावर हेल्मेट, आणि चेंडू काखेत घेऊन समोरच्याला चुकवत पळायचं. व्यावसायिक संघांचे सामने मुख्यतः रविवारी असतात, शनिवार विद्यापीठांचा. विद्यापीठाचा सामना म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखा पन्नास-शंभर टाळ्यांचा कार्यक्रम असेल असं कुणी समजू नये. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर इथल्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे. ज्या शहरात ते आहे, त्या शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास.

म्हणजे एका दुपारी जवळजवळ दुसरं शहर तिथे येऊन बसतं. प्रश्न साधा आहे. ही माणसं येतात कशी आणि त्या येण्याचा खर्च कोण सोसतं?

माझा एक जुना विद्यार्थी तिकडच्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकतो आहे. वसतिगृहातून मैदान चालत जाण्याएवढं जवळ, त्यामुळे त्याला स्वतःला त्रास नव्हता. पण शेजारच्या शहरात नोकरी करणारा त्याचा मावसभाऊ बायको-मुलांसह सामना बघायला आला, तेव्हा त्याने मला फोनवर सांगितलं, "सर, एका तिकिटाला जेवढे पैसे पडले, जवळपास तेवढेच गाडी उभी करायला गेले. आणि तरी दोन किलोमीटर चालावं लागलं." मी विचारलं, बसने का आला नाही? तो म्हणाला, "शनिवारी त्या गावाहून बसच नाही, सर."

या दोन वाक्यांत सगळा मुद्दा आला आहे. पार्किंग महाग आहे, हे पहिलं वाक्य. पार्किंगला पर्याय नाही, हे दुसरं. प्रेक्षकांची बहुतेक तक्रार पहिल्या वाक्याबद्दल असते. मला दुसरं जास्त गंभीर वाटतं.

आधी महागाईचं बोलू. मोटार उभी करायला आणि आत-बाहेर काढायला मिळून सुमारे तीनशे चौरस फूट जागा लागते. माझ्या शाळेतला चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग दोन मोटारींच्या जागेत बसतो. एक लाख प्रेक्षक तीन-तीनच्या हिशेबाने मोटारीतून आले तर तेहतीस हजार मोटारी झाल्या. त्यांना सव्वादोनशे एकरांहून जास्त जमीन हवी. आणि घरच्या मैदानावरचे सामने हंगामात सहा ते आठ. वर्षातले इतके दिवस वापरायला एवढी जमीन डांबराखाली घालायची, तर तिची किंमत कुणीतरी दिलीच पाहिजे. जो मोटार आणतो त्याने ती द्यावी, यात गैर काही नाही.

हे तर्कशुद्धपणे मांडणारा माणूस अमेरिकेतच होऊन गेला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप. २००५ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचा विषयच मुळी फुकट पार्किंगची महागडी किंमत हा होता. पार्किंग फुकट कधीच नसतं. मोटारवाला देत नसेल तर घरभाड्यातून, किराणा मालाच्या भावातून, करातून बाकीचे लोक देतात, ज्यांच्याकडे मोटार नाही तेही देतात, हे त्यांचं सांगणं. २०२५ मध्ये ते वारले. पण शूप नुसतं "पैसे घ्या" म्हणून थांबले नाहीत. घेतलेले पैसे त्याच वस्तीत, लोकांना दिसतील अशा कामावर खर्च करा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचं नेहमीचं उदाहरण जुन्या पॅसाडेनाचं. तिथे १९९३ मध्ये रस्त्यावर पार्किंगचे मीटर बसले आणि त्यांचा पैसा तिथल्याच फुटपाथांवर, दिव्यांवर, साफसफाईवर लागला. कळा गेलेली बाजारपेठ पुन्हा भरली.

गंमत अशी, की शूप ज्या विद्यापीठात शिकवत, त्याच विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९८२ पासून याच पॅसाडेनातल्या रोझ बोल मैदानावर खेळत आला. विद्यापीठाच्या आवारापासून हे मैदान सुमारे चाळीस किलोमीटर दूर. घरचा सामना बघायला विद्यार्थ्यालाच शहराचं दुसरं टोक गाठावं लागतं. मैदान एका दरीत आहे, शेजारी गोल्फचं मैदान. सामन्याच्या दिवशी त्या गोल्फच्या हिरवळीवर मोटारींच्या रांगा लागतात. रेल्वे स्टेशन मैदानापासून तीनेक किलोमीटरवर; तिथून पुढे बस धरायची किंवा चालायचं.

याच शहरातलं दुसरं विद्यापीठ यूएससी. त्याचा संघ आवाराला लागून असलेल्या कोलिझियम मैदानावर खेळतो. हे मैदान १९२३ चं. पण त्याच्या दाराशी मेट्रोचं स्टेशन आलं २०१२ मध्ये. मेट्रोचं साधं भाडं पावणेदोन डॉलर. मोटार आणायची त्याने आणावी, जवळची जागा हवी असेल तर भरपूर पैसे मोजावेत. पण ज्याला ते परवडत नाही, त्याच्यासाठी पावणेदोन डॉलरचा दुसरा दरवाजा उघडा आहे. एकच शहर, एकच खेळ, फरक फक्त दुसऱ्या दरवाजाचा.

सिएटलमध्येही हेच दिसलं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हस्की स्टेडियमला लागून २०१६ च्या मार्चमध्ये रेल्वे स्टेशन सुरू झालं. आता तिथलं भाडं अंतर कितीही असो तीन डॉलर, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. चार जणांच्या कुटुंबात दोन मुलं असतील तर सगळं घर जाऊन-येऊन बारा डॉलरमध्ये सामना बघून येतं.

कुणी म्हणेल, ही मोठी शहरं आहेत, लहान गावांत हे कसं जमणार? इतिहास उलट सांगतो. येल विद्यापीठाचं येल बोल हे मैदान १९१४ मध्ये बांधलं गेलं, सत्तर हजार प्रेक्षकांचं. न्यू हेवन काही फार मोठं शहर नव्हतं. लोक आगगाडीने यायचे आणि स्टेशनवरून ट्रामने मैदानावर जायचे. एरवी कालबाह्य झालेल्या उघड्या ट्रामगाड्या त्या कंपनीने केवळ या सामन्यांसाठी १९४० च्या दशकापर्यंत राखून ठेवल्या होत्या. फिलाडेल्फियात लष्कर आणि नौदलाच्या सामन्याला पेनसिल्व्हेनिया रेल्वे डझनावारी खास गाड्या सोडायची. मोटारीवाचून हा खेळ बघता येत नाही, ही काही निसर्गाची योजना नाही. ट्राम उखडल्या गेल्या, गाड्या बंद झाल्या, रस्ते रुंद झाले आणि मैदानाभोवती डांबर पसरलं. हे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. माणसं ते बदलू शकतात.

काही निर्णय तर सरळ डोळ्यांत भरण्यासारखे आहेत. मैदानाला चिकटून असलेलं पार्किंग बहुतेक मोठ्या विद्यापीठांत खुल्या विक्रीला नसतंच. ते क्रीडा विभागाला देणगी देणाऱ्यांसाठी राखलेलं असतं. जेवढी देणगी मोठी, तेवढी गाडी दाराजवळ. देणगी देणाऱ्याचा मान ठेवावा, कबूल. पण १९८८ पासून २०१७ पर्यंत अमेरिकेच्या कायद्यात अशी तरतूद होती की तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळवून देणाऱ्या अशा देणगीचा ८० टक्के भाग करपात्र उत्पन्नातून वजा करता यायचा. म्हणजे दात्याच्या चांगल्या खुर्चीचा काही भार जो कधी मैदानावर गेलाच नाही, त्या करदात्यानेही उचलला. ही सवलत २०१८ पासून गेली. देणगीनुसार जागा वाटण्याची रीत मात्र राहिली.

दुसरा निर्णय बसचा. सरकारी मदतीवर चालणाऱ्या बससेवांनी खासगी बसवाल्यांचा धंदा हिरावू नये म्हणून केंद्रीय परिवहन खात्याचा नियम आहे. २००८ मध्ये तो अधिक कडक झाला. नेहमीच्या भाड्यात, सर्वांना खुली असलेली नियमित मार्गावरची बस चालते. पण एखाद्या सामन्यासाठी कुणी पैसे भरून मागवलेली किंवा जादा भाड्याची खास बस ही भाड्याची खासगी फेरी ठरते आणि ती करण्याचा पहिला हक्क इच्छुक खासगी कंपनीचा. हेतू वाईट नाही. पण लाखभर माणसं एका दिवशी एका जागी जाणार असताना सरकारी बस आगारात उभी राहते आणि प्रेक्षक मोटार काढतो, असं होत असेल तर नियमाकडे पुन्हा बघायला हवं.

तिसरी गोष्ट वेळेची. सामना किती वाजता सुरू होणार हे अनेकदा टीव्ही वाहिनी ठरवते आणि बहुतेकदा बारा दिवस आधी, कधी तर सहाच दिवस आधी कळतं. रात्रीचा सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपतो. तोवर शेवटची बस गेलेली. घरी परतायची खात्री नसेल तर कोण बसने येईल?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, की मोटार हा त्या दिवसाचा भागच आहे. सकाळपासून मोटारीच्या मागे टेबल मांडायचं, शेगडी पेटवायची, मित्रांनी जमायचं, खायचं-प्यायचं. त्याला ते टेलगेटिंग म्हणतात. मला हे उत्तर खोटं वाटत नाही. आपल्याकडच्या जत्रेसारखाच तो आनंद आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. पण जत्रेला बैलगाडीवाला येतो तसा चालत येणाराही येतो. ज्याला शेगडी पेटवायची आहे त्याने जागेचे पैसे द्यावेत. ज्याला नुसता खेळ बघायचा आहे, त्याच्यावर मोटारीची सक्ती का?

दुसरं उत्तर असतं, सामना बघणं ही चैन आहे, परवडत नसेल तर टीव्हीवर बघा. खासगी मालकाच्या संघाबद्दल हे एक वेळ चालेल. पण यातली बहुतेक मोठी विद्यापीठं सरकारी आहेत. जमीन लोकांची आहे. अनेक विद्यापीठांत तर सामना बघो न बघो, प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमध्ये खेळाची वर्गणी असते. अशा संस्थेने आपल्याच राज्यातल्या कष्टकरी कुटुंबाला "टीव्हीवर बघा" म्हणणं शोभत नाही.

आणि खर्चाचा दाब आता वाढणार आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या मुलांना पैसे मिळाले, हा उशिरा का होईना इन्साफच झाला. पण हा पैसा कुठून तरी निघणार, आणि पार्किंगची पावती हा सगळ्यात सोपा खिसा आहे. तिकिटाचा भाव वाढवला तर बातमी होते, पार्किंगचा वाढवला तर कुणी फारसं विचारत नाही.

मग करावं काय? जर्मनीत अनेक क्लबांच्या फुटबॉल सामन्याचं तिकीट हेच त्या दिवशीचं बस-रेल्वेचं तिकीट असतं. २०२४ च्या युरो स्पर्धेत तर प्रत्येक तिकिटासोबत ३६ तासांचा स्थानिक प्रवास जोडलेला होता. अमेरिकेतही सिएटलच्या आइस हॉकी संघाने २०२१ पासून तिकिटात सार्वजनिक प्रवास दिला आहे. विद्यापीठांनी हीच वाट धरावी. पार्किंगच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा बस आणि रेल्वेच्या जादा फेऱ्यांसाठी बाजूला काढावा, आणि सामना कितीही उशिरा संपो, त्यानंतर तासभर गाड्या चालतील याची हमी द्यावी. तिकीट विकतानाच पोचण्याचा खर्च स्पष्ट सांगावा, म्हणजे चार जणांचं घर आधीच हिशेब करू शकेल.

पार्किंगचा पैसा सार्वजनिक कामी लावता येतो याचा नमुना अ‍ॅन आर्बरमध्येच आहे. मैदानाच्या समोर पायोनियर हायस्कूल आहे. सामन्याच्या शनिवारी शाळेच्या आवारात पैसे घेऊन मोटारी उभ्या करतात आणि ते उत्पन्न शाळांकडे जातं. शिक्षक म्हणून मला हे आवडलं. मोटारवाल्याच्या सोयीतून मुलांसाठी चार पैसे निघत असतील तर ते त्याच्या खिशातून निघावेतच.

आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. वानखेडेवर सामना असला की माणूस चर्चगेटला उतरतो आणि चालत जातो. विरार-बोरिवलीचा पोरगा आणि मलबार हिलचा शेठ एकाच फाटकात उभे राहतात. पुण्याजवळ गहुंज्याचं मैदान मात्र द्रुतगती मार्गालगत बांधलं गेलं आणि तिथे स्वतःचं वाहन नसलेल्याची काय दशा होते ते जाणाऱ्यांना विचारा. आपल्या राज्यात पुढचं मैदान कुठे बांधायचं ही चर्चा होईल तेव्हा प्रेक्षक किती बसतील याच्याआधी विचारायचा प्रश्न हा, की खिशात फक्त तिकिटापुरते पैसे असलेला मुलगा तिथे पोचेल कसा, आणि रात्री घरी परतेल कसा.