५२ माणसं, एक देह आणि धंद्याचा हिशोब



"सर, भांडवल नाही, हाताखाली माणसं नाहीत, धंदा कसा सुरू करू?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक व्हिडिओखाली येतो. आज उत्तर आपल्याच संभाजीनगरातून देतो.

प्रा. लक्ष्मण देशपांडे. इथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे त्यांनी स्वतः लिहिलं आणि स्टेजवर एकटे उभे राहिले. तीन तास, ५२ पात्रं, नट एक! मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला जातं, एवढीच गोष्ट. पण पाठ वाकली, चाल बदलली, आवाज चढला की समोर नवीन माणूस उभा. लोक पोट धरून हसायचे. २००४ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली.

आता कुणी म्हणेल, "बघा, बिनभांडवली धंदा!" मला हे पटत नाही. सेटचा आणि नटांचा खर्च वाचला, खरंय. पण तो सगळा भार त्यांनी स्वतःच्या शरीरावर, आवाजावर आणि सरावावर घेतला. पैसा नसेल तर कसब लागतं. दोन्ही नसतील तर आधी कसब कमवा, बोर्ड नंतर लावा.

दुसरी गोष्ट, बोली. आपल्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासमोर आपली भाषा लपवतात. देशपांडे सरांनी मराठवाडी बोलीच विकायला मांडली. तुमच्या मालातलं 'आपल्याकडचं' जे आहे, ते झाकू नका. तीच तुमची ओळख.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. "नोकरी सोडा, उडी मारा" असं सांगणारे खूप भेटतात. सरांचा हा प्रयोग प्राध्यापकी चालू असतानाच उभा राहिला. महिन्याचा पगार येत असला की माल पक्का करायला वेळ मिळतो. घरात दुसरी कमाई नसेल तर पहिलं गिऱ्हाईक दोनदा परत येईपर्यंत राजीनामा देऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

आणि आता खरा धोका. किराणा दुकानात मालक आजारी पडला तर पोरगा गल्ल्यावर बसतो. इथं मालक, माल आणि कारागीर एकच माणूस! फेब्रुवारी २००९ मध्ये सर गेले. धंदा तिथंच संपायला हवा होता, नाही का? नाही संपला. कारण संहिता लिहिलेली होती. पुढे संदीप पाठक यांनी तेच 'वऱ्हाड' स्टेजवर आणलं. अंग त्यांचं, ढंग त्यांचा, पण पाया तयार मिळाला.

तुमचं काय? मसाल्याचं प्रमाण फक्त आईच्या हातात आहे? ब्लाऊजचं कटिंग फक्त तुमच्या डोक्यात? उधारीचा हिशोब तोंडी? मग तुमचा धंदा तुमच्या तब्येतीवर उभा आहे. एक ताप आला की शटर खाली.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ: एक वही घ्या. तुमचं काम दुसऱ्या माणसाला करता येईल, इतकं पायरी-पायरीनं लिहून काढा. मग ती वही घरातल्या एकाच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला बसून बघा. तो कुठं अडला, ते कॉमेंटमध्ये कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.