केसपेपर पुन्हा उघडा

आमच्या परिचयातल्या एका घरी लोखंडी कपाटाच्या तळाशी कापडी पिशवी आहे. तिच्यात एकाच माणसाचे चाळीस-बेचाळीस वर्षांचे केसपेपर आहेत. घड्यांवर फाटलेल्या पहिल्या कागदावर ‘मतिमंद’ असे लिहिले आहे. पुढच्यावर ‘स्किझोफ्रेनिया’ आणि तोच शेरा पुढे वीस-बावीस वर्षे. अगदी अलीकडच्या, अजून कडक असलेल्या कागदावर ‘ऑटिझम’. माणूस तोच आहे. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान घट्ट दाबून धरणारा, कपाचा कान रोज खिडकीकडे वळवूनच चहा पिणारा. शेवटचा कागद हातात आला तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या त्याच्या आईने एकच विचारले, “मग इतकी वर्षं दिल्या त्या गोळ्या कशाच्या होत्या?”

आज २ एप्रिल, जागतिक स्वमग्नता दिन. त्या माउलीचा प्रश्न आजच्या दिवशी टाळता येत नाही.

ज्या दोन नावांमध्ये तिच्या मुलाचे आयुष्य गेले, ती दोन्ही एकाच माणसाने दिलेली आहेत. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द मांडला आणि त्या आजारातल्या एका लक्षणाला, जगाकडे पाठ फिरवून स्वतःत बुडून जाण्याला, ‘ऑटिझम’ म्हटले. म्हणजे ऑटिझम हा शब्द जन्मला तोच स्किझोफ्रेनियाच्या पोटी. आपला ‘स्वमग्नता’ हा शब्दही तोच जुना अर्थ वाहतो. वास्तविक यातली कितीतरी मुले स्वतःत मग्न नसतात. आवाज, उजेड आणि गर्दी यांच्या माऱ्याने ती हैराण झालेली असतात.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि ही वेगळी अवस्था असल्याचे सांगितले. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. मुलाला संस्थेत ठेवून विसरून जा, असा सल्ला त्याच्या आईवडिलांना मिळाला होता. त्यांनी वर्षभराने त्याला घरी आणले आणि वडिलांनी कॅनरना तेहतीस पानांचे पत्र धाडले. डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये, ८९व्या वर्षी, वारला. ते पत्र आम्हाला फार मोलाचे वाटते. निदान घडले ते आधी एका बापाने बारकाईने पाहून ठेवले म्हणून.

तरीही अमेरिकेच्या १९६८ च्या निदानपुस्तिकेत अशी मुले ‘बालपणीचा स्किझोफ्रेनिया’ याच सदरात होती. ऑटिझमला तिथे स्वतंत्र जागा मिळाली १९८० मध्ये. १९९४ मध्ये त्याच पुस्तिकेत ‘ॲस्पर्गर’ हे वेगळे निदान आले, २०१३ मध्ये ते गेले आणि सगळे एका वर्णपटात आले. कॅनर यांच्या नोंदींनंतरच्या पहिल्या काही दशकांत दोष मात्र आयांच्या पदरात पडला. आई थंड, म्हणून मूल असे, हे पदवीधर माणसे छातीठोकपणे सांगत होती. त्या समजाला खुद्द कॅनर यांच्याही लिखाणाने खतपाणी घातले होते. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत त्यांनी आईबापांना निर्दोष ठरवले, पण तोवर एका पिढीतल्या आया स्वतःला गुन्हेगार समजून जगल्या होत्या.

नावे बदलतात, म्हणजे मानसोपचार हे थोतांड, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही मुळीच सहमत नाही. या आजारांचे निदान रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. ते पाहून, ऐकून, वर्षानुवर्षे ताडून करावे लागते. म्हणून ते चुकते आणि म्हणूनच सुधारतेही. स्किझोफ्रेनियाची यातना खरी आहे, आणि औषधांनी हजारो घरे पुन्हा उभी राहिली आहेत. हे वाचून कोणी मनाने गोळी बंद करू नये. आमची तक्रार आहे ती एकदा चिकटलेले नाव पुन्हा न तपासण्याच्या सवयीबद्दल. त्या माउलीच्या मुलाच्या हातांना औषधांनी कंप सुटला होता, पण दर महिन्याला मागचीच चिठ्ठी पुढे उतरवली जात होती.

नावावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात ती आली आणि प्रमाणपत्राचा मार्ग खुला झाला. ज्यांचे बालपण त्याआधी सरले, असे कितीतरी जण आज चाळिशी-पन्नाशीत जुन्याच शेऱ्याखाली जगत असतील. शाळांमधल्या तपासणी शिबिरांत ते कधीच सापडणार नाहीत.

म्हणून घरच्यांना आमची विनंती आहे: ती पिशवी काढा, कागद तारखेप्रमाणे लावा, लहानपणीचे जे आठवते ते लिहून काढा आणि डॉक्टरांकडे फेरनिदान मागा. मागायला संकोच नको. पूर्वीचे उपचार किंवा पूर्वी रुग्णालयात राहणे एवढ्यावरून आज कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिले आहे.