चार टक्के कागदावर, माहिती कोणाकडे?

केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे २०१२ चे धोरण सांगते. २०१५ पासून ते बंधनकारक आहे. २०१६ मध्ये जेम पोर्टल आले, त्याच वर्षी राष्ट्रीय एससी-एसटी हबही. तरीही प्रत्यक्ष खरेदी ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहते. ‘तुमचे लोक पुढेच येत नाहीत’, हे उत्तर आम्ही बैठकांत अनेकदा ऐकले आहे.

वस्तीत काम करताना आम्हाला दिसते ते वेगळे. रुग्णालयांच्या चादरी शिवणारा एक तरुण पुढे आला होता. उद्यम नोंदणी त्याने सायबर कॅफेत केली. नोंदणी मोफत असते, पण त्याच्याकडून पैसे घेतले गेले. तेवढ्यावर भागले असते. ऑपरेटरने सामाजिक प्रवर्गात ‘जनरल’ निवडले आणि उत्पादनाऐवजी व्यापार. व्यापाऱ्याला उद्यममधून अग्रक्रमाच्या कर्जापुरता लाभ मिळतो, खरेदी धोरणाचा नाही. म्हणजे दोन चुकीच्या क्लिकमध्ये त्याचे ४ टक्के गेले. सूक्ष्म व लघु उत्पादकाला माफ असलेली अनामत रक्कम तो दोन वर्षे भरत राहिला. सर्वात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असलेल्या लघुउद्योगाला तो दर मान्य करून ऑर्डरचा हिस्सा मागता येतो, हेही त्याला कोणी सांगितले नव्हते.

व्यापारी घरांत या गोष्टी जेवताना कानावर पडतात. मामा सांगतो, चुलता फॉर्म तपासतो. आपल्याकडे धंद्यातली ही पहिलीच पिढी. मात्र आपल्याकडे अडाणीपणा आहे, हे आम्हाला मान्य नाही. आरक्षणामुळे आपली कितीतरी माणसे रेल्वेत, बँकांत, सरकारी कंपन्यांच्या खरेदी विभागांत तीस-तीस वर्षे निविदेच्या पलीकडच्या बाजूला बसली. निविदा कुठे बाद होते, हे त्यांना तोंडपाठ आहे. जयंतीला त्यांची भाषणे होतात, सत्कार होतात. फॉर्म मात्र कोणी त्यांच्यापुढे ठेवत नाही. उद्योजकही एकमेकांपासून निविदा लपवतात, तो भाग निराळाच.

त्या तरुणाची चूक एका निवृत्त खरेदी अधिकाऱ्यांनी पाहताक्षणी ओळखली. ते पुढच्याच गल्लीत राहतात. दोन वर्षे तो त्यांच्या दारावरून कापडाचे गठ्ठे नेत होता.